बसून सांगायची गोष्ट

हे मनन सावकाश वाचायचं आहे. जमलं तर एका बैठकीत, फोन बाजूला ठेवून. पाय जमिनीला टेकू द्या, खांदे सैल सोडा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. जिथे ‘थांबा’ असं म्हटलं असेल तिथे खरोखरच थांबा. पुढची ओळ कुठे जात नाही.

आज ज्या विषयाजवळ बसायचं आहे तो जड आहे. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांना वाईट बातमी सांगायला कसं शिकवावं, हा तो विषय. तुम्ही स्वतः परिचारिका असाल तर ही तुमच्या रोजच्या ड्यूटीची गोष्ट आहे. नसाल, तर आयसीयूच्या दाराबाहेरच्या बाकावर तुम्ही कधीतरी बसला असाल, नाहीतर पुढे कधी बसाल. म्हणून हे मनन दाराच्या दोन्ही बाजूंच्या माणसांसाठी आहे.

आधी ती जागा डोळ्यांसमोर आणा. दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला. पिशवीत थर्मास, रिपोर्टची फाईल, औषधांच्या पावत्या. भेटीची वेळ संध्याकाळची, एका वेळी एकच माणूस. आत ओळीनं पलंग, प्रत्येकाशेजारी मॉनिटर, सिरिंज पंप, व्हेंटिलेटर. डॉक्टर राऊंडला येतात, फाईलमध्ये लिहितात, पुढच्या पेशंटकडे जातात. सिस्टर किंवा ब्रदर मात्र अख्खी पाळी तिथेच असतात. कूस बदलणं, तोंड पुसणं, नळीतला कफ ओढून काढणं, दर तासाला लघवी मोजणं, हे सगळं त्यांच्याच हातानं होतं.

आता एक नातेवाईक आत येतो. तो आधी मॉनिटरवरचे आकडे बघतो. ते त्याला कळत नाहीत. मग तो सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघतो.

थांबा. त्या नजरेपाशी थोडा वेळ राहा. तो काय शोधतो आहे?

आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं की वाईट बातमी डॉक्टरांनी सांगायची, नर्सनं नाही. यात तथ्य आहे. निदान सांगणं, पुढे काय होऊ शकतं ते सांगणं, मृत्यू घोषित करणं ही डॉक्टरांची जबाबदारी आहे आणि ती त्यांच्याकडेच राहावी. पण त्या नजरेपाशी थोडा वेळ राहिलं की आणखी एक गोष्ट दिसते. सिस्टर बोलली नाही तरी ती सांगतच असते. अर्धवट ओढलेला पडदा सांगतो. टाळलेली नजर सांगते. कालपर्यंत ‘काका, आज जरा बरं आहे’ म्हणणारी आज ‘डॉक्टर येतील, त्यांनाच विचारा’ म्हणते, तेव्हा काकांना बरंच काही कळून चुकतं. आणि डॉक्टर सांगून गेल्यावर, पाच मिनिटांनी, ‘सिस्टर, ते काय म्हणाले हो?’ हा प्रश्न तिलाच येतो.

म्हणजे परिचारिकेनं सांगावं की नाही, हा प्रश्न उरतच नाही. ती रोज सांगते. ते तिला कुणी शिकवलं आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. आजच्या मननाचा गाभा हाच आहे. तो मनात ठेवून पुढे जाऊ.

*

वाईट बातमी म्हणजे काय, याचा विचार करू. रॉबर्ट बकमन या कर्करोगतज्ज्ञानं या विषयावर आयुष्यभर काम केलं. 1992 साली त्याचं वाईट बातमी कशी सांगावी यावरचं पुस्तक आलं. त्याच्या मांडणीचा आशय असा: माणसानं आपल्या पुढच्या आयुष्याचं जे चित्र मनात रंगवलेलं असतं, ते ज्या माहितीनं गंभीरपणे बिघडतं ती वाईट बातमी.

हे हळूहळू मुरू द्या. बातमीचं वजन फाईलमध्ये लिहिलेलं नसतं. ते ऐकणाऱ्याच्या मनातल्या चित्रावर ठरतं. ‘डायलिसिस लागेल’ हे वाक्य विभागात दिवसातून कितीदा तरी उच्चारलं जातं. पण ज्याच्या गावापासून डायलिसिसचं केंद्र दोन एसट्या बदलून गाठावं लागतं आणि ज्याच्या घरी कमावता तोच एक आहे, त्याच्या कानांवर ते वाक्य वेगळंच पडतं. तेव्हा सांगण्याआधी समोरच्याचं चित्र काय आहे ते कळायला हवं. आणि ते कळायचा मार्ग एकच, विचारणं.

तुमच्या स्वतःच्या मनात पुढच्या वर्षाचं एखादं चित्र असेल. मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, नातवाची दहावी. ते क्षणभर बघा. ते बिघडवणारी माहिती तुम्हाला कुणी, कुठे, कशी सांगावी असं वाटतं? थांबा. उत्तर शोधू नका, ते आपोआप वर येऊ द्या.

बहुतेकांच्या मनात येणाऱ्या गोष्टी फार साध्या असतात. जिन्यात नको. फोनवर तुटक नको. उभ्या-उभ्या नको. माझ्याकडे बघून सांगा. मला कळेल अशा मराठीत सांगा. आणि सांगून लगेच निघून जाऊ नका.

या अपेक्षांना प्रशिक्षणात एक रचना मिळाली आहे. वॉल्टर बेल, बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. ती कर्करोगाच्या डॉक्टरांसाठी होती, पण आज जगभर परिचारिकांनाही शिकवली जाते. त्या पायऱ्या आपण एकेक करून चढू. प्रत्येक पायरीवर एक श्वास थांबा.

पहिली पायरी जागेची. आडोसा हवा, बसायला खुर्ची हवी. अतिदक्षता विभागात खोली मिळतेच असं नाही, पण पडदा ओढता येतो, स्टूल पुढे करता येतं, दहा मिनिटं आपला पेशंट सहकाऱ्याकडे सोपवता येतो. बसलेल्या माणसाकडे वेळ आहे, असं समोरच्याला वाटतं.

दुसरी पायरी, त्यांना काय माहीत आहे ते विचारायची. ‘ताई, डॉक्टरांनी आत्तापर्यंत तुम्हाला काय सांगितलंय? तुम्हाला काय वाटतंय?’ उत्तर ऐकलं की कळतं, मधलं अंतर किती आहे. ‘सॅच्युरेशन 94 आहे, म्हणजे सुधारणा आहे ना?’ असं कुणी विचारलं, तर तो आकडा मशीन आणि औषधांच्या जोरावर टिकला आहे, हे सांगायचं अजून बाकी आहे.

तिसरी पायरी परवानगीची. सगळं तपशिलात ऐकायचंय, की थोडक्यात? आत्ता, की मोठा भाऊ आल्यावर? कुणाबरोबर? ज्याच्या हातात काहीच उरलेलं नाही, त्याच्या हातात एवढं तरी ठेवायचं.

चौथी पायरी सांगण्याची. आधी एक सूचना, म्हणजे मन सावरायला क्षण मिळतो: ‘काका, माझ्याकडची बातमी चांगली नाही.’ मग एक किंवा दोन छोटी वाक्यं. ‘बीपी टिकवणारं औषध सगळ्यात जास्त मात्रेला पोचलंय, तरी बीपी उतरतंय. डॉक्टर तुमच्याशी बोलायला येतायत. मी तोवर इथेच आहे.’ मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांनी ‘मृत्यू झाला आहे’ असंच म्हणावं आणि सिस्टरनंही नंतर तेच म्हणावं. ‘कोलॅप्स’, ‘एक्स्पायर’, ‘रिस्पॉन्स नाही’ या शब्दांत माणूस आशेची फट शोधत राहतो.

पाचवी पायरी भावनांची. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

सहावी पायरी, आता पुढे काय. पुढच्या तासात काय होईल, कुणाला बोलवायचं, आत किती वेळ थांबता येईल, तोंडात पाणी घालायचं आहे का, कुणाला काही म्हणायचं आहे का. एवढं सांगितलं की सुन्न माणसाला निदान पुढचं पाऊल दिसतं.

*

आता पाचव्या पायरीवर परत या आणि तिथे बसा.

बातमी सांगितली आहे. समोरची बाई काही बोलत नाही. किंवा भिंतीवर डोकं आपटते. किंवा ओरडते, ‘तुम्हीच मारलंत!’ किंवा विलक्षण शांतपणे बिलाची चौकशी करते. त्या क्षणी परिचारिकेच्या पोटात गोळा येतो आणि ती बोलायला लागते. माहिती देते, क्रिएटिनिन सांगते, ‘धीर धरा, देवाच्या हातात आहे’ म्हणते. आपली स्वतःची घालमेल झाकायला माणूस बोलत सुटतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं 1859 साली परिचर्येवर पुस्तक लिहिलं, त्यात वरवरच्या आशेच्या गप्पांवर आणि फुकटच्या सल्ल्यांवर एक अख्खं प्रकरण आहे. भेटायला येणारे लोक खोटा दिलासा देऊन रुग्णाला किती एकटं पाडतात, हे ती तिथे तळमळून सांगते. खोलीतल्या किंवा दाराबाहेरच्या कुजबुजीनं रुग्णाचा किती छळ होतो, हेही ती त्याच पुस्तकात लिहिते. दीडशेहून जास्त वर्षं झाली. ‘काही होणार नाही, सगळं ठीक होईल’ हे वाक्य मात्र आपल्या प्रत्येक वॉर्डात अजून रोज ऐकू येतं.

त्याऐवजी काय करायचं? अमेरिकेतल्या सिएटलमधल्या रुग्णालयांत नातेवाइकांबरोबरच्या बैठका ध्वनिमुद्रित करून तपासल्या गेल्या. 2004 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बैठकीतला सरासरी 71 टक्के वेळ डॉक्टर-परिचारिका बोलत होते आणि 29 टक्के वेळ नातेवाईक. जिथे नातेवाईक जास्त बोलले, तिथे ते जास्त समाधानी होते. 2007 साली फ्रान्समधल्या 22 अतिदक्षता विभागांचा अभ्यास आला. मरणपंथाला लागलेल्या 126 रुग्णांच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांशी ठरावीक पद्धतीनं बैठक घेतली गेली: त्यांच्या म्हणण्याची कदर करायची, भावना ओळखून तसं बोलून दाखवायचं, ऐकायचं, रुग्ण माणूस म्हणून कसा होता ते विचारायचं, प्रश्न विचारायला सांगायचं. शिवाय शोकाबद्दल एक माहितीपत्रक दिलं गेलं. या बैठका साधारण 30 मिनिटं चालल्या, नेहमीच्या 20 मिनिटं. नातेवाईक त्यात 14 मिनिटं बोलले, नेहमीच्या बैठकीत 5 मिनिटं. तीन महिन्यांनी पहिल्या गटातल्या नातेवाइकांना मानसिक आघाताचा, चिंतेचा आणि नैराश्याचा त्रास कमी होता.

दहा मिनिटं जास्त. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नातेवाइकांना नऊ मिनिटं जास्त बोलायला मिळालं.

आता पुढचं एक मिनिट काहीही वाचू नका. घड्याळ बघू नका. फक्त बसा.

जमलं का? ते मिनिट लांब वाटलं असेल. रडणाऱ्या माणसासमोर ते फार फार लांब वाटतं. ते मिनिट न बोलता, न पळता, समोरच्याकडे बघत निभावणं, हे पाचव्या पायरीवरचं कौशल्य आहे. त्यानंतर बोलायचं झालं तर थोडंच: ‘हे ऐकणं किती कठीण आहे, ते मला दिसतंय.’ ‘तुम्ही गेले आठ दिवस त्यांच्यासाठी रात्रंदिवस इथे आहात.’ ‘बाबा कसे होते, सांगाल मला?’

*

हे सगळं वाचून येत नाही. इथे प्रशिक्षणाचा मुद्दा येतो.

छाती दाबून हृदय चालू करायला प्रत्येक परिचारिका आधी पुतळ्यावर शिकते. हात कुठे ठेवायचे, किती खोल दाबायचं, मिनिटाला किती वेळा. जिवंत छातीवर पहिल्यांदा हात ठेवण्याआधी तिचे हात तयार झालेले असतात. शब्दांचा सराव मात्र ती थेट एखाद्याच्या आईसमोर करते, तोही रात्री तीन वाजता.

सरावाची खोली कल्पनेत आणा. पाच-सहा परिचारिका, एक अनुभवी मार्गदर्शक. एक जण नर्स होते, दुसरी रुग्णाची मुलगी. संवाद सुरू होतो. मध्येच नर्स झालेली अडखळते. मार्गदर्शक तिथेच संवाद थांबवते. ‘आत्ता तुला काय वाटलं? मुलीच्या चेहऱ्यावर काय दिसलं? दोन वाक्यं मागे जाऊ या, पुन्हा म्हणून बघ.’ खऱ्या आयुष्यात मागे जाता येत नाही. या खोलीत येतं. आणि जी मुलगी झाली होती तिला, खुर्चीच्या त्या बाजूला बसल्यावर, एका तुटक वाक्यानं पोटात काय होतं ते कळतं.

आता तुम्हीही एक वाक्य म्हणा. मनात नको, ओठांनी म्हणा: ‘काकू, माझ्याकडची बातमी चांगली नाही. आपण बसू या का?’ थांबा. पुन्हा म्हणा, पण आणखी हळू. दुसऱ्या वेळी आवाज वेगळा येतो. या फरकासाठीच सराव.

आपल्याकडच्या सरावात आपल्या घरांचे प्रसंग हवेत. ‘आईला काही सांगू नका’ असं दारातच बजावणारा मुलगा हवा. त्याच्यावर रागवायचं नाही, आणि आईशी खोटंही बोलायचं नाही. त्याला विचारायचं, ‘आईंना कळलं तर काय होईल असं तुम्हाला वाटतं?’ मग हळूच, ‘त्यांनी मला स्वतःहून विचारलं तर मी त्यांना काय म्हणू?’ पुष्कळदा कळतं की आईला सगळं आधीच ठाऊक आहे आणि तीही मुलापासून लपवते आहे. ‘अजून किती दिवस लागतील?’ हा प्रश्नही सरावात हवा. त्यामागे कधी आशा असते, तर कधी उद्या भरायची रक्कम, गहाण पडलेलं मंगळसूत्र, विकायला काढलेलं शेत. सिस्टरला बिल कमी करता येत नाही. पण ‘तुम्हाला खर्चाची काळजी वाटतेय का?’ असं मोकळेपणानं विचारून डॉक्टरांना आणि समाजसेवा अधिकाऱ्यांना कळवता येतं. आणि न्यू जर्सीहून फोन करणारा मुलगा हवा. त्याला काही सांगण्याआधी दोन प्रश्न विचारायला शिकवायचं: तुम्ही गाडी चालवत नाही ना? जवळ कुणी आहे?

*

एक प्रश्न मनात आला असेल, आणि तो येऊ द्यावा. इतकं शिकवून दुःख कमी होतं का?

2018 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरातल्या पाच अतिदक्षता विभागांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 1,420 रुग्ण. खास शिकवलेल्या परिचारिका नातेवाइकांना रोज भेटायच्या, त्यांना बैठकीसाठी तयार करायच्या, बैठकीत सोबत बसायच्या. सहा महिन्यांनी पाहिलं, तर नातेवाइकांच्या मनावरच्या ओझ्यात ठळक फरक नव्हता. मात्र आपल्याशी नीट बोललं गेलं, आपल्या माणसाला माणूस म्हणून वागवलं गेलं, असं त्यांनी स्पष्टपणे जास्त सांगितलं.

यावर घाईनं मत बनवू नका. फ्रान्समध्ये त्रास कमी झाला, पिट्सबर्गमध्ये तो तेवढाच राहिला. दोन्ही खरं आहे. ज्याचा माणूस गेला त्याचं दुःख कुठल्याही प्रशिक्षणानं काढून घेता येईल, असं वचन कुणी देऊ नये. पण दुःख आणि अपमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस गेला, हे दुःख. कुणी धड सांगितलं नाही, बाहेर बसवून ठेवलं, शेवटी आत जाऊ दिलं नाही, हा अपमान. तो वर्षानुवर्षं जळत राहतो, आणि कधीकधी तिथल्या तिथे काचा फोडतो. आपल्या राज्यात आरोग्यसेवकांवरचे हल्ले रोखायला 2010 साली कायदा करावा लागला. कायदा हवाच. पण त्या हल्ल्यांच्या मागे किती वेळा न सांगितलेली किंवा उभ्या-उभ्या फेकलेली बातमी होती, याचाही विचार आपण करायला हवा.

*

शेवटी परिचारिकेकडे बघू. बातमी सांगून झाली. नातेवाईक गेले. देह स्वच्छ करून, नळ्या काढून, चादर बदलून झाली. दहा मिनिटांत त्याच पलंगावर नवा पेशंट येणार आहे.

तिचं काय?

अँड्र्यू जेमटन या नीतितज्ज्ञानं 1984 साली परिचारिकांच्या एका वेदनेला नैतिक क्लेश असं नाव दिलं: योग्य काय ते कळत असतं, पण व्यवस्था ते करू देत नाही. आता उपयोग नाही हे दिसत असताना टोचत राहणं, आणि नातेवाइकांसमोर काही न बोलता उभं राहणं, हे त्याचंच रूप. तिला बोलायला शिकवलं आणि बैठकीत खुर्ची दिली, तर या क्लेशालाही थोडी वाट मिळते.

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले नर्स जोनाथन बार्टेल्स यांनी एक साधी रीत सुरू केली. रुग्णाचा मृत्यू झाला की पथकातल्या सगळ्यांनी पलंगाभोवती क्षणभर थांबायचं. हा कुणाचा तरी जिवलग होता, आणि आपण सगळ्यांनी प्रयत्न केले, एवढं म्हणायचं. मग थोडा वेळ मौन. प्रत्येक जण आपापल्या श्रद्धेनं. तिथून ही रीत इतर रुग्णालयांत पोचली. तिला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही.

थांबा. ज्या परिचारिकेनं कधी तुमच्या माणसाची काळजी घेतली असेल, तिला आठवा. नाव आठवत नसेल तरी चालेल.

आता संकल्पाकडे येऊ. तुम्ही परिचारिका असाल, तर पुढच्या पाळीत एका नातेवाइकाशी बसून बोला आणि त्याच्या उत्तरानंतर मनात पाच आकडे मोजून मगच बोला. तुम्ही नातेवाईक असाल, तर सिस्टरला ‘मला काय माहीत आहे आणि काय नाही, ते तुम्हाला सांगू का?’ असं म्हणा. तुम्ही संभाषणाची अर्धी वाट चालून गेलेले असाल. आणि तुम्ही रुग्णालय चालवत असाल, वॉर्डाची जबाबदारी तुमच्यावर असेल, किंवा नर्सिंग कॉलेजात शिकवत असाल, तर सर्वात मोठा संकल्प तुमचा आहे. हे शिक्षण पोस्टरवर किंवा एका भाषणात उरकू नका. ते ड्यूटीच्या वेळेत द्या, पगारी तासांत द्या, लहान गटांत द्या, वर्षातून पुन्हा द्या. डॉक्टरांनाही त्याच खोलीत बसवा. आणि कुठल्याही नव्या परिचारिकेनं अतिदक्षता विभागातली पहिली रात्रपाळी एकटीनं करण्याआधी, निदान एकदा तरी, कुणाच्या तरी समोर बसून ‘माझ्याकडची बातमी चांगली नाही’ हे वाक्य म्हटलेलं असेल, एवढी व्यवस्था करा.